शेपटीला एकच गळ

मित्रांनो, पाण्यात मला पाहिलंत तर तुम्हीही क्षणभर फसाल. मी मासा नाही. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून कोरलेला, चार बोटं लांबीचा, पाठीवरच्या सोनेरी रंगाचे टवके उडालेला असा मी एक जुना लूर आहे. लूर म्हणजे माशाला भुलवणारा खोटा मासा. माझ्या हनुवटीखाली प्लास्टिकची एक छोटी जिभली आहे. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ओढली की पाणी त्या जिभलीवर आपटतं आणि मी डावी-उजवीकडे अंग हलवत बुडी मारतो. भुलवणं हे माझं काम. ते मी आजही करतो, आणि मान वर ठेवून करतो. पण मधे एक दिवस असा आला होता की मला डबीतून बाहेर पडायचीही लाज वाटत होती.

शीळफाट्याहून कल्याणकडे निघालं की एका आगरी गावाच्या मागे जुनं तळं लागतं. बांधाला एक दरवाजा आहे, त्याला उघडी म्हणतात. भरतीला त्या उघडीतून खाडीचं पाणी आत येतं. त्याच्याबरोबर जिताड्याची पिल्लं आली आणि इथेच मोठी झाली. जिताडा म्हणजे रुपेरी अंगाचा, मोठ्या जबड्याचा, ताकदीचा मासा. तो भक्ष्याला चावत नाही, तोंड उघडून सरळ आत ओढून घेतो.

मला घडवलं गोपीनाथांनी. ते सुतार. घराच्या ओट्यावर बसून त्यांनी मला कोरलं, पॉलिश पेपरने घासलं, डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी बसवले. पोटाला एक आणि शेपटीला एक असे दोन गळ लावले, आणि प्रत्येक गळ तीन तोंडांचा. म्हणजे सहा टोकं! प्रत्येक टोकाला आतल्या बाजूने एक बारीक उलटा दात. टोक आत शिरतं, पण तो दात त्याला परत निघू देत नाही. मला तर तेव्हा त्या सहा टोकांचा केवढा अभिमान होता! डबीतल्या विकतच्या, चकचकीत लूरांकडे मी पाहायचोसुद्धा नाही.

गोपीनाथांची लेक कृतिका ठाण्यात खोपटला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करते. बापाकडून तिने गळ टाकायला शिकून घेतलं आणि गावाकडून एक नियम मंजूर करून घेतला. तळ्यात जाळं टाकायचं नाही. मासा गळाला लागला तर डोळे भरून पाहायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. त्याआधी जाळ्यांनी तळं जवळजवळ रिकामं झालं होतं. मग रविवारी डोंबिवली, ठाकुर्लीहून रॉड घेऊन मंडळी येऊ लागली. त्यांचा राबता असला की चोरून जाळं टाकायची कोणाची हिंमत होत नसे. मासे वाढले. माझंही नाव झालं. "गोपीकाकांचा सोनेरी द्या ना," असं म्हणून लोक मला मागून न्यायचे.

तळ्यावर आणखी एक नेम चालत होता, आणि तो आमच्या सगळ्यांपेक्षा जुना होता. गोपीनाथांच्या वहिनी केशरबाई रोज पहाटे अंघोळ करून कणकेच्या एकवीस गोळ्या वळतात, तोंडाने नाम घेत पायऱ्यांवर येतात आणि एकेक गोळी पाण्यात सोडतात. शेवटची गोळी सोडल्याशिवाय चहाचा घोट घ्यायचा नाही. एकोणीस वर्षांत त्यांनी हे कधी चुकवलं नव्हतं. तापात सुद्धा कृतिकाचा हात धरून त्या आल्या होत्या.

आता नीट ऐका, कारण चूक इथेच झाली. कणीक खायला लहान मासे गोळा होतात. त्या लहान माशांना खायला जिताडे येतात. त्या वेळी पायरीपाशी पाणी नुसतं उकळल्यासारखं होतं. हे सुश्रुतने पाहिलं. सुश्रुत ठाकुर्लीचा, कृतिकाचा मित्र, मनाने चांगला पण घाईचा. त्या रविवारी केशरबाईंची शेवटची गोळी पडते न पडते तोच त्याने पलीकडच्या पायरीवरून मला फेकलं.

"काकी, तुमच्या हाताला यश आहे हं!" तो हसून म्हणाला.

मी पाण्यात पडलो आणि अंधार झाला. खादाडीच्या भरात एका मोठ्या जिताड्याने मला पुरतं आत ओढलं होतं. माझ्या शेपटीचा गळ त्याच्या घशात रुतला, पोटाचा गळ कल्ल्यात. बाहेर काढल्यावर सुश्रुतने पकडीने बराच वेळ खटपट केली. उलटे दात सुटेनात. अखेर मी निघालो तेव्हा माझ्या टोकांवर लाल होतं. फोटो झाला, मासा पाण्यात सोडला, तो शेपूट हलवत खोल गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशरबाई ताट घेऊन आल्या, तर तो जिताडा त्यांच्याच पायरीशी पोट वर करून तरंगत होता.

त्यांनी एकही गोळी सोडली नाही. ताट तसंच घरी नेलं. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. दुपारी दोन घास खायच्या तेवढंच.

त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुश्रुत माफी मागायला आला. "काकी, सॉरी. पण मी सोडलेला ना त्याला. लगेच सोडलेला."

"सोडला न् तो मेला," केशरबाई हळूच म्हणाल्या. त्या कधी आवाज चढवत नाहीत. "मी घास टाकला, तू गल टाकलास. आता सांग, मारला कोनी? माझा घास म्हंजे तुमचं आमिष झालं रं. तलावावर गल ऱ्हाईल नायतर माझा नेम ऱ्हाईल. दोन्ही नाय."

गोपीनाथ खाली पाहत होते. "वहिनी, गळवाले गेले की गाव तळं जाळीवाल्याला देणार. मग एक नाही, सगळेच जातील."

पेच खरा होता. गळ ठेवला तर केशरबाईंचा नेम मोडतो, गळ काढला तर तळ्यातला जीवच जातो. कृतिकाने माझी डबी ओट्यावर रिकामी केली.

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःकडे नीट पाहिलं. कृतिकाने आम्हा सगळ्यांना ओळीने मांडलं. माझ्याहून लहान लूर तिने आधीच बाजूला केले. जिताडा त्यांना सहज गिळतो. मग तिने मला उचललं, माझ्या गळाच्या टोकावरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं.

"बाबा, मी दिवसाला चाळीस जणांना सुई टोचते," ती म्हणाली. "सुई जाते तशीच निघते, म्हणून माणूस दुसऱ्या वेळी येतो. सुईला असा दात असता तर लोकांनी मला बदडलं असतं."

"दात काढलास तर मासा सुटेल की गो!"

"सुटू दे. आपण तरी काय करणार होतो? सोडणारच होतो ना?"

गोपीनाथांना हसू आलं. मग त्यांनी पकड हातात घेतली. माझे दोन्ही तीन-तोंडी गळ निघाले. पोटाची जागा रिकामी ठेवली. शेपटीला एकच गळ आला, एका तोंडाचा, जाड तारेचा, दात पकडीने दाबून सपाट केलेला. बादलीत मला ओढून पाहिलं तर मी एका कुशीवर कलंडलो! पोटाकडचा भार गेला होता ना. आणि नवा गळही आडवा बसला होता. गोपीनाथांनी शेपटीला आणखी एक कडी घातली, तसं टोक सरळ वर आलं. मग माझ्या पोटाला बारीक भोक पाडून शिशाची गोळी बसवली आणि वरून लाख भरली. दुखलं का? लाकडाला दुखत नाही म्हणतात. मला तर त्या शिशाने आत कुठेतरी स्थिर केल्यासारखं वाटलं.

केशरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "नवा लूर नको," त्या म्हणाल्या. "ज्यानं मारला तोच टाका. तीन जिताडे धरा. रातभर जाळीत ठेवा. सकाली तिन्ही जित्ते दिसले तर मी बोलनार नाय. एक जरी गेला तर गल बंद, न् मंग गावाला जे करायचं ते करू दे."

शनिवारी सकाळी पायऱ्यांपासून दूर, उघडीच्या बाजूला कृतिका उभी राहिली. पाण्यात बांबू रोवून जाळीचा चौकोन उभा केला होता, त्याचे दोर सुश्रुतच्या हातात. केशरबाई बांधावर माळ घेऊन बसल्या.

मी पाण्यात गेलो. डुललो, थांबलो, पुन्हा डुललो. पहिला जिताडा लागला, हवेत उडाला, एक मान झटकली आणि सुटला.

"एक गेला," गोपीनाथ म्हणाले. "चाळीस जणांना टोचतेस ना? हा एक्केचाळिसावा पळाला!"

"तंगूस ढिली पडली माझी. आता नाही पडणार."

आणि नाही पडली. दात नसलेल्या गळाला हात जागता लागतो, मित्रांनो. तंगूस सतत ताणलेली ठेवावी लागते, मासा लागताच लगेच ओढावं लागतं, म्हणजे गळ घशात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. दुपारपर्यंत सात लागले, त्यातले चार सुटले, तीन आले. प्रत्येकाच्या ओठाच्या कडेला मी. कृतिकाने माशाला पाण्याबाहेर न काढताच पकडीने गळ धरला, मनगट वळवलं आणि मी मोकळा. एक श्वास घ्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

तिसऱ्याला मात्र जाळीत सोडताना सुश्रुतने सवयीने टॉवेलात धरलं. जिताड्याच्या कल्ल्याच्या कडा धारदार असतात, हात कापतो.

"टाक तो टावेल!" केशरबाई बांधावरून उठल्याच. "त्याच्या अंगावरचा चिकटा निंगतो. हात ओले कर न् मंग धर. तान्ह्या पोराला असा फडक्यात आवलतोस का रं?"

"सॉरी काकी, सॉरी!" सुश्रुतने घाईने टॉवेल फेकला आणि हात पाण्यात बुडवले. पण टॉवेल लागायचा तो लागून गेला होता.

रात्र मी डबीत काढली. दुसऱ्या दिवशी उजाडताच कृतिकाने मला खिशाला अडकवलं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. जाळीत दोन जिताडे तोंड प्रवाहाकडे करून उभे होते. तिसरा तळाशी एका कुशीवर पडला होता.

सुश्रुतचा चेहरा पांढरा पडला. कृतिकाने बापाकडे पाहिलं, बापाने बांधाकडे.

केशरबाईंनी पदर खोचला आणि त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या. ओल्या हातांनी त्यांनी तो जिताडा उचलला, एक हात पोटाखाली, एक शेपटीशी. त्याचं तोंड उघडीतून येणाऱ्या पाण्याकडे केलं आणि नुसत्या उभ्या राहिल्या. ओढल्यासारखं काही नाही, हलवणं नाही. ओठ तेवढे नामात हलत होते. पाणी त्याच्या कल्ल्यांतून वाहत राहिलं. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. एकदा कल्ला हलला. मग पुन्हा. मग त्याने अशी काही शेपटी मारली की केशरबाईंच्या तोंडावर पाणी उडालं आणि तो जाळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

त्यांनी तोंड पुसलं. "जित्ता हाय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आनि जोरात हाय मेला!"

सगळे हसले, सुश्रुत मात्र रडला. जाळी उघडली. तिघेही गेले.

"कृतिका, कनीक मललेली नाय आज. परात काढ गो. आनि आधन ठेव चहाचं."

मित्रांनो, केशरबाईंनी गळ बंद केला नाही, पण त्यांनी तळ्यावर आपला एक नियम बसवला. त्या गोळ्या सोडतात तेव्हा आणि नंतर ऊन वर येईपर्यंत पाण्यात तंगूस पडत नाही. आणि ज्याला गळ टाकायचा असेल, त्याने आधी तो केशरबाईंकडे द्यायचा. त्या गळ आपल्या पदरातून टोचून आरपार काढतात आणि त्याच वाटेने मागे ओढतात. सहज निघाला तर हातात परत देतात. एक धागा जरी ओढला गेला तर, "जा बाबा, पकड घे न् ये." डोंबिवलीचे मोठमोठे गळवाले महागड्या डब्या घेऊन बांधावर रांगेत बसतात आणि मुकाट्याने दात दाबत असतात. सुश्रुत त्यांना पकड पुरवतो.

मी आता म्हातारा झालो आहे. माझ्या पाठीवर जिताड्यांच्या खरखरीत जबड्यांच्या खुणा आहेत, आणि तो एक सोडला तर त्यातल्या प्रत्येक खुणेचा मालक तळ्यात फिरतो आहे, हे मी खात्रीने सांगतो. तुम्ही कधी गळ निवडायला बसलात तर तो किती घट्ट धरतो हे विचारू नका. तो किती सहज सोडतो हे पाहा. हात ओले करा. दमलेल्या जिवाला वाहत्या पाण्यात धरा आणि त्याचा तो जाईपर्यंत थांबा.

केशरबाईंच्या त्या सुती पदराला आता टाचणीएवढी शेकडो भोकं पडली आहेत. उन्हात धरला की चाळणीसारखा दिसतो. कृतिकाने नवं लुगडं आणलं होतं. केशरबाईंनी ते तिलाच परत दिलं आणि आपला पदर तिच्यासमोर पसरला. "बग," त्या म्हणाल्या, "एक तरी धागा तुटलाय का?"