न बसलेला झटका

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कपाटात, पट्ट्याला गाठ मारलेला जो जाडजूड चष्मा पडून आहे, तो मी. मला डोळ्यांवर चढवले की माणसाला समोर नसलेले जग दिसते. आता थकलो आहे. काच ओरखडली, बॅटरी धाप टाकते.

नवा होतो तेव्हा वाटायचे, मुले माझ्यात शिरून राक्षस मारतील. पण इथल्या विद्यार्थ्यांनी माझ्यात विजेचा खांब उभा केला. शिकाऊ वायरमनसाठी त्यांना खेळ बनवायचा होता. तार धरण्याआधी टेस्टर लावून बघायचे. विसरले की झटका, खेळ खलास, पुन्हा पहिल्यापासून.

दिवसभर मी या डोक्यावरून त्या डोक्यावर. सगळ्यांचा घाम माझ्या स्पंजात मुरला. खेळ तपासताना सारखे मरून मरून पोरे वैतागली. त्यांची म्होरकी, जिला सगळे चिमणी म्हणत, तिने झटकाच बंद करून टाकला.

"काम संपेपर्यंत आपण अमर!" ती म्हणाली. सगळे हसले.

काम संपले, वाहवा झाली, खेळ माझ्यासह वायरमनांच्या शिकवणीला गेला. झटका चालू करायचे मात्र राहूनच गेले.

पुढे एकदा मी दुरुस्तीला चिमणीकडे आलो होतो. वायरमनांचे मास्तर खुशीत आत आले.

"काय खेळ केलाय पोरी! माझ्या नव्या गड्यानं एकदाही झटका खाल्ला नाही."

"एकदाही नाही? अहो मास्तर, पहिल्या दिवशी सगळेच मरतात!" बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. "आहे कुठे तो?"

"मागच्या आवारात. खऱ्या खांबावर चढवलाय."

चिमणी धावत सुटली. मी तिच्या कपाळावरच होतो. नवा गडी शिडीच्या टोकाला, टेस्टर खिशात, हात तारेकडे.

"दादा, हात लावू नका! उतरा!"

"घाबरता काय ताई? रोज असंच धरतो. काही होत नाही."

मागून मास्तर असे ओरडले की तो मुकाट्याने उतरला. मग ते स्वतः चढले आणि तारेला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला, तारेत वीज होती. खाली या तारेचा सोडून भलताच खटका बंद झाला होता. गड्याने खिशातला टेस्टर काढून हातात धरला.

चिमणीने लगेच खेळातला झटका चालू केला. त्यानंतर कित्येक शिकाऊ माझ्यात मेले आणि धडधाकट घरी जेवायला गेले. आता नवे चष्मे आलेत. मला कोणी विचारत नाही. असू द्या.

मित्रांनो, माझी काच पुसा, नका पुसू. पण माझ्यासारख्या चष्म्यातून कोणी बाहेर आला, की विचारा, तुझे काय काय चुकले? "काहीच नाही" म्हणाला, तर आधी चष्मा तपासा. शिडी नंतर द्या.