कापसाच्या भिंतींची खोली

साहेब, तुम्ही चोर आहात. माल परत केला म्हणून चोर सुटत नाही. तुमचं नाव इथं लिहीत नाही. कोणी वाचून दाखवेल तेव्हा तुम्हाला कळेलच.

मी मोतीराम, आदिलाबादजवळच्या जैनथचा. रेडिओ-टेप दुरुस्त करतो. शाळा सातवीत सुटली, पुढचं जळालेल्या अँप्लिफायरांनी शिकवलं. ८८ साली घरामागच्या शेळ्यांच्या कोठ्यात मी रेकॉर्डिंगची खोली उभी केली, ती एकाच माणसासाठी. राहीबाई, माझी मावशी. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला आणि वेचता वेचता गाणी रचली. कागदावर एक नाही, सगळी तोंडात. तिच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशननं जीव राहील, आवाज जाईल. तारीख एकवीस दिवसांवर.

मंडपवाल्याचा मोडका माइक आणला, तार बदलली. मिक्सर लाकडाच्या पाटीवर मीच जोडला. व्होल्टेज पडला की टेप रडायला लागते, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी घेतली. खरी अडचण रस्त्याची होती. बस गेली की गाणं गेलं. शहरात भिंतींना काय लावतात मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे काय, कापूस! पावसानं डागलेला, व्यापाऱ्यानं नाकारलेला. तो बारदानाआड चारी भिंतींना ठासून भरला. दार लावलं की आपलाच श्वास ऐकू यायचा.

राहीबाई माइकसमोर बसली आणि मुकी झाली.

"काऊन गात नाहीस, मावशे?"

"या लोखंडाच्या थोबाडाकडं पाहून गाऊ का? हात रिकामे हायेत माजे. हात चालल्याबिगर तोंड नाई चालत, बाप्पा."

तशीच उठली. वेचलेला कापूस टाकायला लुगड्याची वटी बांधली, भिंतीकडे तोंड केलं, बारदानाच्या भोकातून कापूस वेचायला लागली. आणि गळा सुटला.

*वटी भरली बाई कापसानं,*
*अंगावर माज्या ठिगळं चौदा...*

ती वेचत सरकायची, मी माइक धरून मागं मागं. संध्याकाळी माझी बायको कौशल्या तो कापूस परत भिंतीत कोंबायची.

"तुमची मावशी गाते का भिंत खाते?"

"खाते! तुया भाकरीपरीस गोड लागते," राहीबाई म्हणायची.

तेरा गाणी झाली. एक कॅसेट भरली. दुसरी प्रत काढायला दुसरा टेपरेकॉर्डर आदिलाबादहून यायचा होता. त्याच्या आधी तुमची पोलिसांची जीप आली.

इंद्रवेल्लीत आदिवासींच्या सभेवर पोलिसांनी केलेल्या गोळीबाराला सात वर्षं झाली होती, तरी चार माणसं एका खोलीत दिसली की तुम्हाला जंगलातले नक्षलवादी दिसायचे. तुम्ही भिंतीवर काठी मारली. आवाज आला नाही. तिथंच तुमचा चेहरा बदलला.

"आवाज बाहर नहीं जाने का कमरा. मीटिंग को कौन आता है?"

"बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून हाय, साब."

"एक ही बात है."

एकच गोष्ट नव्हती ती. तुम्ही कॅसेट लावली, दोन मिनिटं ऐकली. तुम्हाला मराठी येत नव्हती. तुमचा जमादार मारोतराव आमच्याच बाजूचा.

"कपास का गाना है, साब," तो म्हणाला. खरं बोलला बिचारा.

"कपास का गाना छुपाके गाते?"

तुम्ही हसलात. मग बारदानं फाडली, टेप, माइक, कॅसेट जीपमध्ये. राहीबाई पाठीमागं धावली.

"माजा गळा घेऊन चालले हे! मारोतराव, तू तरी सांग ना रे!"

मारोतराव जीपमध्ये जाऊन बसला.

चार दिवसांनी तिचं ऑपरेशन झालं. परत गायला तिला गळाच नव्हता. मी सात अर्ज दिले. अकरा महिन्यांनी ठाण्यातून निरोप आला, काही सापडलं नाही, सामान घेऊन जा. तुमची तोवर बढतीवर बदली झाली होती.

राहीबाई टेपला कान लावून बसली. मी बटण दाबलं. टाळ्या वाजल्या. हारतुरे, भाषणं. कोणी म्हणत होतं, असा अधिकारी जिल्ह्याला पुन्हा मिळणार नाही. मग तुमचा आवाज, आभाराचा. दोन्ही बाजू तुमच्याच निरोपसमारंभानं भरलेल्या. राहीबाईनं मला खूण केली, पुढं कर. मी पुढं केलं. पुन्हा खूण केली. टेप संपली तरी करत होती.

चुकून झालं, असं तुमच्या ठाण्यानं मला लेखी कळवलं आहे. साहेब, कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिथं खाचा पडतात आणि त्या खाचा झाकल्याशिवाय तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. त्या मी मोडल्या होत्या. परत आलेल्या कॅसेटवर त्या दोन्ही खाचांवर डिंकानं कागद चिकटवलेला आहे, नीट कापून, चौकोनी. चुकून कोणी कागद कापत नाही.

राहीबाई जिवंत आहे. गळा गेला, कान शाबूत आहेत. तिच्यासमोर येऊन बसा आणि सांगा: तो कागद कोणी चिकटवला?