वर्डेलने घरात न येऊ दिलेली कॉफी

बायको वर्डेल वारल्यानंतर लूशस अमेरिकेतल्या मेम्फिसमधल्या त्यांच्या नेहमीच्या किराणा दुकानात पहिल्यांदाच एकटा आला. त्याने आपल्या आवडत्या कॉफीचा डबा उचलला. ही कंपनी काळ्यांच्या वर्तमानपत्रात जाहिरात देत नाही, म्हणून वर्डेलने ती कधी घरात येऊ दिली नव्हती.

"काय भावजी, वहिनी नाहीत तर चंगळ आहे वाटतं?" गल्ल्यावरची ओडेसा म्हणाली.

लूशस ओशाळला. शेजारी कंपनीचा गोरा विक्रेता डबे मांडत होता. लूशसने त्याला विचारलं, "आमच्या पेपरात जाहिरात का देत नाही रे तुम्ही?"

"कशाला? तुम्ही लोक तशीही घेताच की!"

लूशसने डबा फळीवर परत ठेवला.

"आमच्या घरात ही येत नाही," तो म्हणाला.

वर्डेल आणायची तीच कडवट कॉफी त्याने घेतली आणि ताठ मानेने ओडेसासमोर ठेवली.