भिंग माझ्यावर बसले तेव्हा

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. सगळे मला 'ती' म्हणतात. मला कुणी विचारले नव्हते, पण माझी तक्रारही नाही. मित्रांनो, सगळ्यांचे असे सोपे नसते.

एका सुताराने मला सवडीने घडवले. मग वीस वर्षे मी दवाखान्यात होते. घाबरलेले रोगी माझे हात घट्ट धरत. "खुर्ची असावी तर अशी!" म्हणत. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी जिन्याखाली गेले. तिथे माझी विचारपूस केली ती फक्त कोळ्यांनी.

मला बाहेर काढले ते सिस्टरने. ती तिथली निवृत्त परिचारिका. लहानपणी तिला सगळे मुलगा समजत. बाई म्हणून जगण्यासाठी तिने किती टक्केटोणपे खाल्ले, ते तीच जाणे. आता दर रविवारी वाचनालयाच्या माडीवर ती तरुणांचा वर्ग घेते; मलाही तिने तिथेच आणले. कुणाला जन्मतः मुलगा ठरवले, पण ती मुलगी. कुणाचे नेमके उलटे. कुणाला दोन्ही शब्द उसने वाटतात. श्वासाकडे लक्ष द्यायला आणि स्वतःशी मायेने वागायला ते तिथे शिकतात.

त्यातलेच एक भिंग. वय बावीस, चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे, चष्मे बसवून बघायचे काम, हाताला कसब. 'भिंग' हे नाव त्याने स्वतःच निवडलेले. 'आलो' म्हणावे की 'आले', या पेचात ते बोलणेच टाळत असे. एकदा एका गिऱ्हाइकाने भर दुकानात विचारले, "हे बाई आहे की बाप्या?" त्या दिवसापासून भिंगाने कामावर जाणे सोडले.

रविवारी सिस्टरने मला मधोमध ठेवले आणि भिंगाला समोर बसवले. "पाय जमिनीला टेकव. श्वास येतोय, जातोय, नुसतं बघ. आता सांग, एवढे दिवस स्वतःला काय सुनावलंस?"

"की मी भित्रट. नालायक. लोक हसणारच."

"समज, या खुर्चीत तुझा जिवलग दोस्त बसलाय. त्याला कुणी तसं बोललं, तर त्यालाही भित्रट म्हणशील?"

"छे! त्याला कशाला?"

"मग काय सांगशील?"

भिंग माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "फार लागलं ना रे? लागणारच. पण तुझ्यात काही खोट नाही."

"आता तिथं बस," सिस्टर हळूच म्हणाली, "आणि हेच स्वतःला सांग."

भिंग माझ्यावर बसले. त्याने छातीवर हात ठेवला. दोन शब्द उमटले आणि त्याला रडू कोसळले. कुणी त्याला गप्प केले नाही. रडत रडत त्याने वाक्य मात्र पुरे केले, आणि डोळे पुसून म्हणाले, "उद्या कामावर जाईन."

मित्रांनो, मी मोठमोठी वजनदार माणसे पेलली आहेत. पण त्या शिडशिडीत भिंगाला पेलताना मला जो अभिमान वाटला, तो कधीच वाटला नव्हता.

पुढच्या रविवारी भिंग धापा टाकतच माडीवर आले. "तो बाई-बाप्या विचारणारा परत आला होता! म्हणाला, 'तू आहेस तरी कोण?' मी म्हटलं, 'तुमचा चष्मा बनवणारी व्यक्ती. हनुवटी जरा वर करा.' आणि केली की त्यानं, निमूटपणे!"

"भीती नाही वाटली?" सिस्टरने विचारले.

"वाटली ना! पण जागा नाही सोडली."

हशाने माडी दणाणली, आणि सिस्टरने सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, हल्ली माझा एक पाय झिजून आखूड झाला आहे. मी डुगडुगले तर इथे कुणी मला लाथ मारत नाही. पायाखाली कागदाची घडी सरकवतात. तुम्ही डुगडुगाल, तेव्हा स्वतःसाठी एवढे कराल ना?