ग्रहणातला घाव

मित्रांनो, आंब्याच्या खोडात राहून त्याचीच वाट लावणारी ती भिरूड कीड मीच. नाकं मुरडू नका. आता माझ्या लांब मिशा थकल्यात, चार दिवसांची सोबतीण आहे मी. तेवढं ऐकून घ्या.

सिद्धगडाच्या पायथ्याला धाकलू आणि बाळी या नवराबायकोच्या दारात एक आंबा आहे. लेक रोशनी जन्मली तेव्हा तिची नाळ पुरून त्यावर लावलेला. रोशनी सात वर्षांची होऊन तापाने गेली. झाड राहिलं, पण फळ काही धरेना. अक्षय तृतीयेला पोरीच्या नावाने तिच्याच झाडाचा आंबा ठेवावा, एवढीच बाळीची आस.

नव्व्याण्णव साली दिव्याच्या अवसेला सूर्यग्रहण लागलं. न फळणाऱ्या झाडाला ग्रहणात दरडावायचं, ही तिथली जुनी रीत. धाकलूने बुंध्यावर कोयता घातला.

"धरतोस का तोडू?"

झाडाच्या वतीने बाळी रडत बोलली, "नको तोडू, बा! येत्या साली धरीन मी."

त्या ओल्या घावात माझ्या आईने अंडं घातलं. त्यातून मी निघाले. तांदळाएवढी होते, बोटाएवढी झाले. दिवसरात्र खाणं, दुसरा उद्योग नाही! माझा भुसा बुंध्याशी पडायचा आणि बाळी रोज सकाळी तो झाडून टाकायची. अगो बाई, एकदा तरी वर बघायचं होतंस!

माघात झाड मोहरलं. जीवावर बेतलं की झाडं अशीच फुलतात. पण घरात कोण आनंद!

"घाव लागू पडला गो," धाकलू म्हणाला.

अक्षय तृतीयेला बाळीने पहिला आंबा बुंध्याशी ठेवला. "खा गो पोरी," ती म्हणाली. आत मी खातच होते.

पावसाळा लागताच अळीची भुंगा होऊन मी खोडाबाहेर आले, तर शेंड्याच्या फांद्या वाळलेल्या. आषाढी पुनवेला चंद्रग्रहण आलं.

"परत रुसलाय," म्हणत धाकलूने कोयता काढला. या खेपेला चार घाव घातले.

मित्रांनो, बुंध्याशी भुसा दिसला तर नुसता झाडू नका. भोक शोधा, तारेने अळी ओढून काढा, रॉकेलचा बोळा घालून भोक चिखलाने लिंपा. माझ्याच जातीच्या मुळावर येतंय हे बोलणं, पण धाकलूला कुणी सांगितलंच नाही.

"नको तोडू, बा! येत्या साली धरीन मी," बाळी पुन्हा म्हणाली.

धाकलू कोयता टाकून घरात गेला. मी खाली उतरले आणि चारही घावांत एकेक अंडं घातलं.