मी चोरलेले पंचेचाळीस हजार किलोमीटर

माझी पणजी सैन्याचे टपाल वाहणारी मोटारसायकल होती. तिचे वजन इतके, की तिला सारे 'रणगाडीण' म्हणत. माझी आजी 'धूळखाऊ'. तिच्या अंगावर दिवा नव्हता, आरसा नव्हता, नंबरपाटीही नव्हती. डोंगरात ती वाऱ्याशी शर्यत लावी. पण डांबरी रस्त्यावर चाक टेकले, की पोलिसाची शिट्टी वाजलीच. माझी आई मात्र शहाणी निघाली. तिने आजीची उंच चाके ठेवली आणि दिवे, आरसे, नंबरपाटी अंगावर घालून ती रीतसर रस्त्यावर आली. सकाळी कचेरी, दुपारी पायवाट, असे दोन्ही संसार तिने सांभाळले. तिला सारे 'दुहेरी' म्हणत, आणि ते नाव गावोगाव झाले.

अशा घराण्यात जन्मलेली मी एक जुनी मोटारसायकल आहे. मित्रांनो, घराणे सांगितले ते मिरवण्यासाठी नव्हे. एवढ्या चांगल्या घरातल्या गाडीने काय केले, हे कळल्यावर माझी लाज तुम्हाला नीट मोजता यावी, म्हणून सांगितले. आता सरळ बसा आणि शेवटपर्यंत ऐका.

माझे पहिले मालक जमीन मोजणारे अधिकारी होते. अकरा वर्षे मी त्यांना शेतांच्या बांधांवरून आणि नदीच्या गोट्यांवरून नेले. ते फार शिस्तीचे. तेल बदलले, की माझ्या बाजूचे झाकण उघडून आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने किती किलोमीटर झाले ते लिहीत. त्रेसष्ट हजार झाले तेव्हा त्यांचे गुडघे थकले. त्यांनी मला जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे नेले आणि बजावले, "इंजिनातली साखळी आता बदलायला झाली आहे. घेणाऱ्याला तेवढं आठवणीनं सांगा."

"सांगतो की, साहेब. त्यात काय!" व्यापारी म्हणाला.

साहेबांची पाठ वळताच त्याने मीटरवाल्याला बोलावले. त्या गृहस्थाने दात काढणाऱ्या डॉक्टरसारखी बारीक हत्यारे काढली, माझ्या मीटरची काच उघडली आणि आकडे मागे फिरवले. त्रेसष्ट हजारांचे अठरा हजार झाले.

"घ्या. आजीबाईंना कॉलेजात बसवलं," तो म्हणाला, आणि दोघे हसले.

माझ्या टाकीला लाल रंग लागला, बैठकीला नवे कापड चढले. मित्रांनो, माझ्यावर जबरदस्ती झाली, अशी मी आजवर स्वतःचीच समजूत घालत आले. आज खरे सांगते. काचेच्या दारात मी माझे रूप पाहिले आणि मला आनंद झाला. मला बोलता येत नव्हते, हे खरे. पण मला सांगायचेही नव्हते.

आठवडाभराने एक तरुणी आली. तिच्या सोबत तिची आत्या होती. तरुणी पाणी मोजण्याच्या खात्यात तात्पुरत्या नोकरीवर होती. रोज चौदा किलोमीटरवरची कचेरी, आणि आठवड्यातून दोनदा डोंगरावरच्या ओढ्यात रोवलेल्या मोजपट्टीवरचा आकडा सकाळी आठ ते साडेआठच्या दरम्यान टिपायचा. वर्षभर एकही नोंद चुकली नाही तर नोकरी कायम होणार होती. आत्या शिवणकाम करी. तिच्याच शिलकीतून गाडी घ्यायची होती.

तरुणीने आधी स्कूटर पाहिली. "हिचं पोट दगडाला लागेल," म्हणून सोडली. मग एक हलकी, उंच, शर्यतीची गाडी पाहिली. "हिला दिवे कुठे आहेत? कागदपत्रं?" व्यापारी खांदे उडवू लागला. "मग ही रस्त्यावर चालवायची कशी? डोक्यावर घेऊन जाऊ?" तिसरी लांबच्या प्रवासाची, म्हशीएवढी. तिची किंमत ऐकूनच आत्या खुर्चीत बसली.

मग पाळी माझी. तरुणीने दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते पाहिले, दिवे लावले, सुटे भाग कुठे मिळतात ते विचारले. आणि म्हणाली, "हिला आडवी पाडून बघू?"

"अहो ताई, असं काय करता!"

"वाटेत पडली, तर एकटीला उचलता यायला हवी."

"पाडू दे रे," आत्या म्हणाली. "मांडवात बसण्याआधी नवऱ्याला उचलून बघायची सोय असती, तर किती जणी वाचल्या असत्या."

मला धुळीत आडवे केले गेले. माझ्या पणजीला कोणी असे वागवले नसते! पण तरुणीने माझ्याकडे पाठ केली, बैठक आणि हँडल धरून एकेक पाऊल मागे सरकत मला उभी केली. त्या हातांत खोट नव्हती. मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती.

आत्याने मात्र बैठकीवरून बोट फिरवले. "ही शिलाई नवी आहे. अठरा हजारांत बैठक फाटते? आणि पायाखालची रबरं बघ, चेहरा दिसेल इतकी गुळगुळीत."

"मावशी, आधीचा मालक जाडजूड होता."

"मावशी नाही मी तुझी."

पण तरुणी माझ्या मीटरकडे पाहत होती. आकडा लिहिणे हेच जिचे काम, ती आकड्यावर विश्वास ठेवणार नाही तर कोण? "आत्या, मीटरवर लिहिलंय ना अठरा हजार," ती म्हणाली, आणि पैसे दिले गेले.

अकरा महिने मी उत्तम धावले. मग इंजिनात खडखड सुरू झाली. तिने मिस्त्रीला दाखवले. त्याने मीटर पाहिले. "एकोणतीस हजारच झालेत, ताई. एवढ्यात आतली साखळी बदलायची नसते. उगाच खर्च कशाला?" तो प्रामाणिक होता. खोटी मी होते.

पुढच्याच आठवड्यात, मोजपट्टीपासून चार किलोमीटर खाली, चढावर माझी आतली साखळी तुटली. पावणेआठ वाजले होते. तिने मला झाडाला टेकवले आणि ती धावत निघाली. परतली तेव्हा तिचे बूट ओले होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

टेंपोतून मला घरी आणले, तेव्हा अंगणात झालेले बोलणे मी ऐकले.

"पोचले तेव्हा नऊ वाजले होते, आत्या. आठच्या रकान्यात रेघ मारली."

"रेघ? अगं, आठचा म्हणून आकडा लिहायचास! वर बघायला कोण होतं?"

"पाणी होतं की. तासाभरात उतरतं ते. नसलेला आकडा मी कुठून आणू?"

"नोकरी जाईल, बाळे."

"जाणार नाही. वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजतील."

अकरा महिने तिथल्या तिथे विरघळले. एक खोटा आकडा तिने लिहिला असता, तर सारे वाचले असते; आणि मी तसाच एक आकडा कपाळावर मिरवत तिच्या अंगणात उभी होते. मित्रांनो, धरणीने पोटात घ्यावे असे वाटणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले.

मिस्त्रीने मला खोलले. बाजूचे झाकण काढताच त्याचा हात थांबला. आत साहेबांचे सुबक अक्षर होते: 'तेल बदलले, ६२,४००. आतली साखळी ६३,००० ला बदलणे.'

तरुणीने आणि आत्याने वाकून ते वाचले. मग आत्या म्हणाली, "खोटारडी!" तेच माझे नाव पडले.

तरुणी व्यापाऱ्याकडे गेली. तिथे कुलूप होते आणि पाटी उतरवलेली. मिस्त्री हळूच म्हणाला, "ताई, साखळी घालून देतो. मीटर आहे तसंच ठेवून विकून टाका. कोणाला कळतंय?"

"मग मी त्या व्यापाऱ्याहून वेगळी कशी?" तिने ब्रश मागितला आणि साहेबांच्या अक्षराखाली लिहिले: 'खरा आकडा: मीटर अधिक ४५,०००.' मग माझ्या टाकीवर हात ठेवून म्हणाली, "अठरा हजारांची म्हणून घेतलीय तुला. मीटरवर त्रेसष्ट हजार दिसेपर्यंत सोडणार नाही. वचन देऊन आलीस, ते पंचेचाळीस हजार चालून फेडायचे."

मला तिने भंगारात घातले असते, तर ते सोपे गेले असते.

तेव्हापासून ती दर रविवारी माझी बाहेरची साखळी पुसते, तेल पाहते, प्रत्येक आवाज ऐकते. तुमच्या घरी एखादी जुनी गाडी असेल, तर तिच्या रंगाकडे पाहू नका. तिचे खरे वय विचारा आणि त्या वयाला साजेशी काळजी घ्या. आणि स्वतःचे वय लपवून कौतुक घेऊ नका. ते दुसऱ्याच्या ताटातले असते.

पुढच्या वर्षी नोंदवहीत एकही रेघ पडली नाही. तिची नोकरी कायम झाली. आत्याने पेढे वाटले; मला मात्र म्हणाली, "तू गप्प उभी राहा." मी उभी राहिले. अजून पुष्कळ चालायचे होते.

तीन वर्षे अशी गेली. काल सकाळी आत्या हट्टाने मागे बसली. बैठकीला आता तिनेच शिवलेले कापड आहे; व्यापाऱ्याच्या कापडाखाली सापडलेले मूळचे झिजलेले ठिगळ तिने मुद्दाम वर दिसेल असे ठेवले आहे. मोजपट्टीच्या अलीकडे, जिथे माझी साखळी तुटली होती त्याच चढावर, तरुणीने वेग कमी केला. मीटरचे शेवटचे चारही आकडे एकदम हलले. त्रेसष्ट हजार.

आत्याने तिच्या खांद्यावरून वाकून काचेत पाहिले. मग तिने पुढे हात घालून माझ्या टाकीवर दोनदा थोपटले.

"फिटलं गं हिचं," ती म्हणाली. "सगळं फिटलं. चल, दुहेरीच्या लेकी, आठ वाजायला आले."