वीस मिनिटांच्या आत

भाड्याच्या करारनाम्यात तीन माणसं लिहिली होती आणि घरात आम्ही तिघंच होतो. चौथं येणार हे मी पाचव्या महिन्यापर्यंत सैल कपड्यांखाली झाकलं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या मालकीणकाकूंनी जिन्यात ओळखलंच. त्या रागावल्या नाहीत. बाळ आलं की दीडपट भाडं, नाहीतर जागा सोडा, एवढंच सांगितलं आणि जिना चढताना दम लागतो का याचीही चौकशी केली.

जागा म्हणजे अकरा बाय नऊची एक खोली आणि तिला चिकटलेलं स्वयंपाकघर. पलंग पसरला की कपाट उघडत नाही, म्हणून सकाळचे कपडे संध्याकाळीच काढून ठेवायचे. आमची सहा वर्षांची मुलगी, जिला आम्ही भुंगा म्हणतो, ओट्याच्या कडेला वही ठेवून उभ्याने अभ्यास करते. पाळणा कुठे बसेल ते मी आलेखाच्या कागदावर काढून पाहिलं. बसत होता, पण मग न्हाणीघराचं दार अर्धंच उघडत होतं.

"तिरकं होऊन आत शिरू," नवरा म्हणाला. माझ्या पोटाकडे बघून त्याने पुढे जोडलं, "तू काही दिवसांनी."

तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला कुठेही राहिलं तरी चालतं. त्याने शहराच्या टोकाला दोन खोल्यांचं घर शोधलं. भाडं आत्तापेक्षाही कमी. भुंगा तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावली आणि थबकून म्हणाली, "हे सगळं आपलंच?"

अडचण माझी होती. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. महिन्यातले दहा दिवस, बोलावणं आलं की वीस मिनिटांत हजर व्हावं लागतं. नोकरी सोडायची म्हटलं तर त्याच्या एकट्याच्या पगारात ते टोकाचं घरही परवडत नव्हतं. मी तीन वेगवेगळ्या दिवशी त्या घरापासून रक्तपेढीपर्यंत जाऊन पाहिलं. बेचाळीस मिनिटं, अडतीस, एकावन्न.

"अडतीस धर," नवरा म्हणाला.

"सरासरी धरतात."

"मग वीस येईपर्यंत जात राहा."

शेवटी मी आमच्या प्रमुख डॉक्टरबाईंकडे गेले आणि वीसची पंचेचाळीस करता येतील का, असं विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कपाटातून जुनी फाईल काढली आणि नियमाचा कागद माझ्यापुढे सरकवला. खाली सूचक म्हणून माझीच सही होती.

मला सगळं आठवलं. सात वर्षांपूर्वी बाकीचे चाळीस म्हणत होते. बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या बायकांच्या नोंदी काढून मी तक्ता केला होता आणि वीसवर अडून बसले होते. तेव्हा मूल नव्हतं आणि घर पाच मिनिटांवर होतं. त्या नियमापायी एका सहकारी बाईने नोकरी सोडली. ती लांब राहायची, तिला जुळी होती. तिने माझ्याशी वाद घातला नव्हता. तक्ता वाचून परत दिला होता.

"आकडे चुकलेत का गं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग काय करू, तूच सांग."

त्या खरंच विचारत होत्या. मी कागद फाईलमध्ये परत ठेवला.

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने हातातला पाना पुसून ठेवला. मग त्याने त्या घराच्या मालकाला फोन करून नाही म्हणून कळवलं आणि दीडपट भाडं कबूल करायला स्वतःच खाली गेला. मला जा म्हणाला नाही. भुंगाने नव्या घरी कधी जायचं ते विचारलं. मी तिला पाढे म्हणायला लावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावणं आलं. बाळंतीण, रक्तस्राव थांबत नव्हता. पोटाला हाताचा आधार देऊन चालत मी सातव्या मिनिटाला टेबलापाशी होते. रक्ताच्या पिशव्या न्यायला आलेली नर्स दारात उभी होती.

"तुमचं बरंय ताई," ती म्हणाली. "हाकेच्या अंतरावर घर."

मी हो म्हटलं आणि नमुन्याच्या नळीवरचं नाव तिच्याकडच्या कागदाशी ताडून पाहायला घेतलं.